घट्ट झाकणाचा डबा

२०२५ च्या जूनमधली गोष्ट. दुपारची जेवणे आटोपून मी लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधत बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. आमच्या भाचीचा. माझ्या थोरल्या बहिणीची ही मुलगी. तिचा फोन भर दुपारी आला की समजावे, काही तरी बिनसले आहे.

"मावशी, आता तूच तिला समजाव बाई. माझं काही म्हणता काही ऐकत नाही."

'ती' म्हणजे भाचीची मुलगी. वय तेवीस. बी.एस्सी. झाल्यावर तिने फॉरेन्सिक सायन्समध्ये एम.एस्सी. केले, तेव्हा घरात कुणी फारसे लक्ष दिले नव्हते. मुलगी शिकतेय, शिकू दे. पण आता तिला नोकरी लागली होती. तीही साध्या प्रयोगशाळेत नव्हे, तर फिरत्या प्रयोगशाळेच्या गाडीवर. कुठे खून झाला, कुठे कुणी जळून मेले, की गाडी घेऊन तिथे जायचे आणि पुरावे गोळा करायचे. एका जिल्ह्याच्या गावी, आणि तेही कंत्राटी.

"रात्री-अपरात्री मुडदे बघत फिरायचं! इकडे स्थळं बघतोय आम्ही. मुलगी काय करते म्हणून कुणी विचारलं तर मी सांगू काय?"

मला हसू आवरेना. हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, मी चव्वेचाळीस वर्षांपूर्वी ऐकले होते. तेव्हा ते माझ्या सासूबाईंनी शेजारच्या काकूंना ऐकवले होते आणि त्यातली 'मुलगी' मी होते.

"तिला पाठव माझ्याकडे दोन दिवस," मी म्हटले. भाचीला वाटले, मावशी आता तिचे मन वळवणार.

मी कोण, ते आधी सांगायला हवे. १९८१ साली मी एका सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळेत लागले आणि २०१५ साली निवृत्त झाले. प्रयोगशाळा कुठली, ते मुद्दामच लिहीत नाही. लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेले, त्यामुळे मी एखाद्या कॉलेजात शिकवावे अशी घरच्यांची इच्छा. पण जागा निघाली ती ही. यांनीच वर्तमानपत्रातली जाहिरात कापून आणली होती, 'रसायनशास्त्राच्या पदवीधरांसाठी' एवढे वाचून. काम नेमके कसले, ते आम्हा दोघांनाही मुलाखतीच्या दिवशीच कळले!

सासूबाईंना कळले तेव्हा त्या दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "रक्ताचे कपडे, आतडी, कसलं कसलं विष. आणि त्याच हातांनी पोळ्या लाटायच्या?" त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. विषप्रयोगाच्या केसमध्ये पोटातले अवयव काचेच्या बरण्यांतून, मिठाच्या दाट पाण्यात बुडवून आमच्याकडे येत. (बरण्यांचे वर्णन इथेच थांबवते. उन्हाळ्यात तुम्हीही लोणची घातली असतील.)

शेवटी तोडगा निघाला. मागच्या दारी पाण्याची बादली आणि एक जुने लुगडे ठेवलेले असे. कामावरून आले की मागच्या दाराने यायचे, आंघोळ करायची, कामाची साडी वेगळ्या बादलीत भिजवायची आणि मगच स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे. मला मनातून फार राग येई. एवढी शिकलेली सून आणि तिला ही शिवाशिव! पण आज वाटते, त्या बादलीचे माझ्यावर उपकारच झाले. डाग रक्ताचा आहे की नाही हे पाहण्यासाठी आम्ही तेव्हा बेन्झिडिन नावाचे रसायन वापरत होतो. रक्त असले की क्षणात गर्द निळा रंग उमटे, बघत राहावे असा. हातमोजे वगैरे क्वचितच. या बेन्झिडिनने मूत्राशयाचा कर्करोग होतो, आणि म्हणून पुढे ते वापरणे बंदच झाले. सासूबाईंचे सोवळे माझ्या असे पथ्यावर पडले.

पहिले काही महिने मी नुसते धागे धुतले, असे म्हटले तरी चालेल. वाळलेल्या डागातल्या रक्ताचा गट काढायचा म्हणजे तेव्हा दोन दिवसांचे काम असे. डागाचा एक लहानसा धागा सोडवून घ्यायचा, त्यावर ठरावीक सीरम घालायचे आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचे. विरजण लावल्यासारखे; फरक इतकाच की हे थंडीत लागते. सकाळी तो धागा बर्फासारख्या गार मिठाच्या पाण्याने पाच-सहा वेळा धुवायचा. मग ५६ अंशांवर गरम करायचा, त्यात माहीत असलेल्या गटाच्या रक्ताच्या पेशी टाकायच्या आणि त्यांच्या गुठळ्या होतात का, ते सूक्ष्मदर्शकातून पाहायचे. सगळी गोम धुण्यात. एकदा घरी लवकर जायची घाई होती म्हणून मी दोन पाणी कमी धुतले. झाले, एकूण एक धाग्यांचा गट 'एबी' निघाला! ताडून पाहण्यासाठी डाग नसलेल्या भागाचा धागा घेतलेला असतो, तोसुद्धा एबी. आमचे साहेब शांतपणे म्हणाले, "बाई, कोऱ्या कापडाला रक्तगट असतो का?" मी शरमेने अर्धी झाले. पुढे चौतीस वर्षांत घड्याळाकडे पाहून मी कधी काही धुतले नाही.

आणि एवढे करून हाती काय यायचे? तर डाग माणसाच्या रक्ताचा आहे आणि गट 'बी' आहे. आपल्याकडे साधारण दर तीन माणसांमागे एक 'बी' गटाचा आणि जवळजवळ तितकेच 'ओ' गटाचे. म्हणजे आरोपीच्या सदऱ्यावरचा डाग मृताचा असू शकतो, एवढेच म्हणता येई. गट जुळला नाही तर मात्र एखादा निरपराध माणूस सुटे. मला त्याचेच समाधान जास्त वाटायचे.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले, ती सांगते.

१९८३ चा उन्हाळा. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. त्या वर्षांत आमच्या टेबलावर जळालेल्या कपड्यांची गाठोडी किती यायची, म्हणून सांगू! तुमच्यापैकी माझ्या वयाच्या ज्या असतील त्यांना ते दिवस आठवत असतील. वर्तमानपत्र उघडावे तर रोज कुठे तरी 'स्टोचा भडका उडून विवाहिता भाजली'. भडका उडायचा तो सुनांच्याच अंगावर कसा, असे आता महिला मंडळांतून बायका उघड विचारू लागल्या होत्या. छळाचे ४९८ अ कलम त्याच वर्षाच्या डिसेंबरात आले. लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाई संशयास्पद रीतीने गेली तर शवविच्छेदन झालेच पाहिजे, हा नियमही तेव्हाचाच. हुंडाबळीचे ३०४ ब त्यानंतर तीन वर्षांनी, १९८६ साली.

ते गाठोडे मांजरपाटाच्या कापडात बांधलेले होते. वर लाखेचे सील अगदी व्यवस्थित. आत एका बावीस वर्षांच्या मुलीची साडी, परकर आणि ब्लाऊज. म्हणजे त्यांतले जे उरले होते ते. साडी नायलॉनची होती. नायलॉन जळताना वितळते, ते काय करते ते मी इथे लिहीत नाही. पोलिसांनी विचारलेला प्रश्न एकच: कपड्यांवर रॉकेलचा अंश आहे का?

गाठोडे आमच्याकडे आले तेव्हा घटनेला महिना उलटून गेला होता. महिनाभर ते कुठल्या तरी पोलीस ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत, मे महिन्याच्या उकाड्यात पडून होते. मी ते उघडले. वास घेतला. जळकट वास होता, रॉकेलचा नव्हता. कपडे वाफेवर धरून, निघालेले पाणी गोळा करून तपासले. वरती तेलाचा तवंग नाही. आमच्याकडे तेव्हा एकच गॅस क्रोमॅटोग्राफ होता. त्याची सुई कागदाच्या पट्टीवर डोंगर काढत जाते, आणि रॉकेल असले की डोंगरांची एक ओळखीची रांग उभी राहते. पट्टी सरळ आली.

रिपोर्टाच्या मसुद्यात मी लिहिले, 'रॉकेलचा अंश आढळला नाही.' लिहिले आणि थांबले. कारण मला ठाऊक होते की मांजरपाटातून वाफ कोंडून राहत नाही. घरी रॉकेलची बाटली पुसलेले फडके दांडीवर टाकले तर चार दिवसांत त्याचा वास जातो, हे कुणाही बाईला माहीत आहे. मग महिनाभर कापडात बांधून ठेवलेल्या कपड्यांवर रॉकेल 'आढळले नाही', याचा अर्थ ते 'नव्हते' असा होतो का?

मी साहेबांकडे गेले. "सर, कपडे हवाबंद डब्यात आले नव्हते, त्यामुळे अंश उडून गेला असण्याची शक्यता आहे, एवढं एक वाक्य खाली घालू का?"

साहेब मनाने वाईट नव्हते. कामाचा ढीग होता आणि रिवाज पक्का होता. ते म्हणाले, "आपल्याला विचारलंय तेवढ्याचं उत्तर द्यायचं. आहे की नाही? नाही. बास. बाकीचं कोर्ट बघेल."

मी 'बरं' म्हटले आणि मसुदा टायपिंगला दिला.

सात-आठ महिन्यांनी त्याच भागातला एक हवालदार दुसऱ्या केसचा मुद्देमाल घेऊन आला होता. पावती करता करता तो सहज म्हणाला, "त्या वेळच्या बाईच्या केसमध्ये तुमचा रिपोर्ट निल आला ना? आरोपीच्या वकिलानं तोच धरून ठेवलाय. रॉकेल नव्हतंच म्हणतोय." पुढे निकाल काय लागला ते मला कळले नाही. आम्ही विचारायचे नसते. विचारून बरे दिसत नाही. आणि मी नीट आठवून सांगते, रॉकेल होते असे मी आजही म्हणणार नाही. कदाचित नसेलही. माझ्याजवळ पुरावा नव्हता, होता तो नुसता संशय. पण 'नाही' या शब्दाचे वजन किती धरायचे, हे कोर्टाला सांगणे माझे काम होते आणि ते मी केले नाही. नोकरी कायम व्हायची होती.

त्या सुमारास एकदा सासूबाई स्टोत रॉकेल ओतत होत्या. नरसाळे निसटले आणि त्यांच्या अंगावर सांडले. दोनदा धुतल्यावरही त्या कुरकुरत होत्या, "साडीचा गेला गं वास, पण परकराच्या नेफ्यातून काही जात नाही मेला!" मी कणीक मळता मळता थांबले. नेफा! दुहेरी-तिहेरी दुमडलेले कापड, आत नाडी, कमरेशी घट्ट आवळलेली. तिथे हवा पोचत नाही, जाळही उशिरा पोचतो. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर जळालेला परकर आला की मी आधी नेफा शोधू लागले. नाडी, ब्लाऊजच्या शिवणी, काखेतली दुहेरी पट्टी. सगळीकडे 'नाही' असून नेफ्यात 'आहे' निघाल्याच्या केसेस मी स्वतः पाहिल्या आहेत. हे ज्ञान कुणाकडून मिळाले, ते मी ऑफिसात कधी सांगितले नाही आणि सासूबाईंनाही नाही. केसचे अक्षर घरात काढायचे नाही, हा नियम होता. आता मात्र चुटपुट लागते की त्यांना निदान एवढे तरी सांगायला हवे होते.

नोकरी कायम झाल्यावर ते एक वाक्य मी माझ्या प्रत्येक मसुद्यात घालू लागले. साहेबांनी दोन-तीनदा खोडले. मग खोडायचे सोडून दिले.

पण विज्ञानाच्या मर्यादा सांगायच्या तर दोन्ही बाजूंनी सांगितल्या पाहिजेत. पुण्यातले मंजुश्री सारडा प्रकरण तुम्हाला आठवत असेल. १९८२ साली ती तरुण मुलगी गेली आणि सारा महाराष्ट्र हळहळला, बायका रस्त्यावर आल्या. विष सायनाइड होते. खालच्या कोर्टात फाशी झाली, उच्च न्यायालयातही ती कायम राहिली, आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. त्या वेळी शेजारच्या बायका मला विचारत, "विष सापडलं ना? मग सुटतात कसे?" मी सांगे, विष सापडणे वेगळे आणि ते देणारा हात सापडणे वेगळे. तिने ते स्वतःच घेतले असेल का, हा संशय कोर्टाच्या मनातून गेला नाही. परीक्षानळीत हात दिसत नाही हो! त्यांना ते पटायचे नाही. खरे सांगायचे तर रात्री अंथरुणावर पडल्यावर मलाही पटायचे नाही. पण सकाळी कामावर गेले की पटवून घ्यावेच लागे.

मग डी.एन.ए. आले. इंग्लंडमध्ये लेस्टर इथे अॅलेक जेफ्रीज यांना १९८४ मध्ये ही युक्ती सापडली. आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत डॉ. लालजी सिंग यांनी १९८८ पर्यंत स्वतःची पद्धत उभी केली, आणि केरळातल्या एका पितृत्वाच्या दाव्यात तिचा कोर्टात प्रथम उपयोग झाला. आम्ही हे मासिकांतून वाचत होतो. आमच्या टेबलापर्यंत ते पोचले तेव्हा मी पंचेचाळिशीला आले होते. वाचायला चष्मा लागला होता, मुलाचे दहावीचे वर्ष होते, आणि अशा वेळी माझ्याहून वीस वर्षांनी लहान मुलांसमोर वही उघडून बसायचे! 'मॅडम, माउस असा धरा' इथपासून सुरुवात. घरी येऊन मी यांच्याजवळ रडलेसुद्धा. धागे धुण्यात जन्म गेला, आणि आता कुणी म्हणते की ते धुणेच नको! हे म्हणाले, "बँकेत आम्हाला नाही का लेजर सोडावं लागलं?" त्यांच्या लेजरची आणि माझ्या धाग्यांची बरोबरी मला काही आवडली नाही, पण शिकले.

आणि शिकता शिकता लक्षात आले की ज्याला आपण मोडीत काढले समजत होतो, ते धुणेच खरे तर कामाला येते आहे. पूर्वी रक्त पुरेसे नसायचे म्हणून आम्ही हरायचो. आता डोळ्यांना न दिसणारा कणही पुरतो, त्यामुळे भलताच कण येऊन बसण्याची भीती. तपासणारा शिंकला तरी त्याचा स्वतःचा डी.एन.ए. नमुन्यात! जर्मनीतली एक हकीगत मी नव्या मुलांना नेहमी सांगायची. तिथे पोलीस वर्षानुवर्षे एका बाईच्या मागावर होते. तिचे डी.एन.ए. चाळीसएक गुन्ह्यांच्या ठिकाणी सापडले. चोऱ्या, खून, २००७ मध्ये हाइलब्रोन शहरात मारल्या गेलेल्या महिला पोलिसाची केससुद्धा. जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्स, तिन्ही देशांत ही बाई! केवढी बक्षिसे लावली. शेवटी २००९ मध्ये उलगडा झाला. नमुने घेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कापसाच्या काड्या ज्या कारखान्यात तयार होत, तिथे वेष्टनाचे काम करणारी ती एक साधी कामगार बाई होती. काड्या जंतुविरहित केलेल्या होत्या, पण जंतू मेले तरी डी.एन.ए. राहते. त्या बिचारीला आपण तीन देशांना पळवतोय याचा पत्ताच नव्हता!

तर नात आली. पाठीला सॅक, हातात मोबाइल, केस कापलेले. मला ती 'मावशीआजी' म्हणते. रात्री गच्चीवर बसलो तेव्हा तिने मला तिच्या कामाबद्दल सांगितले आणि मी ऐकतच राहिले. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले. सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी गेलेच पाहिजे, असे त्यांत आहे. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांची मुदत दिली आहे. म्हणूनच या गाड्या आणि म्हणूनच हिची नोकरी. आमच्या वेळी गाठोडे आमच्याकडे यायचे, आता आमची मुलगी गाठोड्याकडे जाणार. नोकरीवर रुजू होताना पहिल्यांदा काय घेतले, तर तिच्या गालातल्या लाळेचा नमुना. म्हणजे तिचे स्वतःचे डी.एन.ए. चुकून कुठे मिसळले तर ओळखता यावे.

"आणि मोबाइल, मावशीआजी! हल्ली अर्धा पुरावा तिथेच. जप्त केला की आधी त्याची रेंज तोडायची. नाही तर लांबून कुणीही त्यातलं सगळं पुसून टाकेल. त्याची खास पिशवी असते. ती नसली तर अॅल्युमिनियम फॉइलचे चार-पाच वेढे."

"डब्यात पोळ्यांना लावतो ते?"

"तेच!"

मला बरे वाटले. नेफ्यानंतर पोळ्यांचे फॉइल. घरातल्या वस्तूंना या कामात बरेच स्थान आहे.

मग मी तिला १९८३ चे ते गाठोडे सांगितले. यांच्याखेरीज मी ते कुणाला सांगितले नव्हते, आणि यांनाही निवृत्तीनंतरच. वाटले होते, ती म्हणेल, 'अगं, त्या काळी साधनंच नव्हती, तू तरी काय करणार?' ही वाक्ये मी स्वतःला कितीतरी वेळा म्हणून दाखवली होती. ती गप्प राहिली. मग म्हणाली,

"पण मावशीआजी, मशीनची चूक नव्हतीच ना ती. एक वाक्य लिहायचं होतं फक्त. त्याला कुठलं तंत्रज्ञान लागतं?"

मला राग आला. कालची पोर! कायम न झालेल्या सुनेच्या वयाच्या बाईने साहेबांपुढे उभे राहणे म्हणजे काय, हे हिला काय ठाऊक? मी तिला ते सांगूनही टाकले, जरा तोडूनच. त्यावर ती हळूच म्हणाली, "मीसुद्धा कंत्राटी आहे. अकरा महिन्यांचं. मलाही साहेब आहेत."

मग पुढे कुणीच काही बोलले नाही. खाली रस्त्यावर कुणाच्या तरी वरातीचा बँड वाजत होता.

सकाळी भाचीला फोन केला. म्हटले, "मी काही तिला समजावलं नाही, उलट तिनंच मला समजावलं. तू आता स्थळांना सरळ सांग, मुलगी फॉरेन्सिकमध्ये आहे. ज्यांना भीती वाटेल ते आपण होऊनच जातील, तेवढं चाळणं वाचलं." भाची थोडी रुसली. मग तिने व्यवहाराचे प्रश्न विचारले आणि ते मात्र रास्त होते. रात्रीच्या कामाला बरोबर कोण असते, पगार वेळेवर होतो का, कंत्राट संपल्यावर काय. पहिल्याचे उत्तर मी नातीकडून घेऊन दिले: पथक असते, पोलीस असतात, एकटीने जायचे नसते. बाकीच्या दोहोंना समाधानकारक उत्तर माझ्याजवळ नव्हते. ज्यांच्या मुली या वाटेने जायचे म्हणत असतील त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: बी.एस्सी. रसायन किंवा जीवशास्त्रात पक्की करावी आणि मग फॉरेन्सिककडे वळावे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी संस्था आहेत. गांधीनगरचे विद्यापीठ तर २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय झाले. संगणकाची गोडी असलेल्या मुलींना तर सध्या फार मागणी आहे. टीव्हीवरच्या मालिकांत दाखवतात तसा पाच मिनिटांत निकाल लागत नाही आणि पांढरा कोट कडक इस्त्रीचा राहत नाही, हे मात्र मुलींना आधीच सांगून ठेवावे.

जाताना तिला मी काय बांधून दिले असेल? लाडू दिलेच. शिवाय माझी जुनी वही दिली. तीत बाकी काही नाही, साध्या गोष्टी आहेत. रक्ताचे कपडे सावलीत वाळवून कागदात बांधायचे, प्लॅस्टिकमध्ये कधी नाही. बुरशी येते आणि सगळे नासते. रॉकेल-पेट्रोलचे कपडे मात्र याच्या अगदी उलट, वाळवायचे नाहीत, तसेच्या तसे हवाबंद डब्यात, तेही लगेच. साधी प्लॅस्टिकची पिशवी चालत नाही, तिच्यातूनही वाफ निघून जाते. कपड्यांवर दोन्ही असेल तर आधी रक्ताचा नमुना काडीवर घेऊन ती वाळवायची आणि मग कपडे डब्यात. पत्र्याचा डबा, घट्ट झाकणाचा.

दिवाळीनंतरची गोष्ट. रात्री पावणेअकराला फोन वाजला. आम्ही दोघेही दचकून उठलो; या वयात रात्रीचा फोन म्हणजे काळजात धस्स होते. नातीचा होता. मागे माणसांची गलबल ऐकू येत होती. गाव कुठले, कोण, काय, तिने सांगितले नाही. मीही विचारले नाही.

"मावशीआजी, गाडीतले डबे संपलेत. एकच उरलाय, त्याची कड चेपलीये, झाकण बसत नाही."

"घरातला डबा घेऊ नकोस हं कुणाचा. तेलातुपाचा असतो. रंगाच्या दुकानात रिकामे, नवे कोरे डबे मिळतात. दोन घे. दुसरा तसाच रिकामा बंद करून बरोबर पाठव, म्हणजे डब्यातच काही होतं असं कुणी म्हणायला नको."

"ते माहीत आहे गं मला. दुकान इथे आहे एक, पण बंद झालंय. दुकानदार वरच राहतो. सगळे म्हणतायत, राहू दे, सकाळी बघू, तोवर पिशवीत ठेवा. मी त्याला उठवू ना?"

"उठव," मी म्हटले.

फोन बंद झाला. हे उठून बसले होते. "कोण होतं एवढ्या रात्री?"

"काही नाही, एक डबा हवा होता तिला," मी म्हटले आणि दिवा मालवला.